मोजण्यापुरती तुळई

आमच्याकडे घर केवढं आहे ते फुटांत कोणी सांगत नाही, खणांत सांगतात. वर दोन तुळयांच्या मध्ये जेवढी जागा सुटते तो एक खण; कडेच्या तुळईपासून भिंतीपर्यंत सुटते तोही एक. पलूसच्या पुढे आमचं गाव आहे. तिथं सोयरीक ठरवतानाही 'घर किती खणी?' असा प्रश्न येतो, आणि 'पाच खणी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोपा, माजघर, परडं सगळं उभं राहतं. तुळया किती अंतरावर टाकायच्या हे सुताराला सांगावं लागत नाही. एका खणात बाज टाकावी आणि तिच्या बाजूनं दुसऱ्या माणसाला घागर घेऊन जाता यावं, एवढं ते अंतर. यात कोणी फसवू शकेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तुळई छप्पर पेलण्यासाठी असते एवढंच मला माहीत होतं. ती नुसती मोजण्यासाठीही असू शकते, हे ज्ञान मला सांगलीत मिळालं.

सांगली आणि मिरज यांच्या मधल्या रस्त्याला, आमच्या कॉलेजपासून जवळ, एक नवी वसाहत झाली आहे. पेन्शन घेतलेली माणसं तिथं बंगले बांधून राहतात. प्रत्येक बंगल्याला संगमरवरी पाटी, पाटीवर संस्कृत नाव, फाटकाशी मोगऱ्याची झाडं. आणि मागच्या अंगाला, रस्त्यावरून दिसू नये अशी, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. ही रांग लाकडं, गोवऱ्या आणि गाय यांच्यासाठी बांधली असावी. पुढे कॉलेजात मुलं वाढली, तेव्हा गायीपेक्षा विद्यार्थी परवडतो असं मालकांच्या ध्यानात आलं असावं. गायीला पेंड घालावी लागते.

संध्याकाळी ही मंडळी काठ्या घेऊन रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसायची. मी बोर्डिंगात राहत होतो त्या वर्षी तिथून रोज जायचो, त्यामुळे त्यांचं बोलणं कानावर पडायचं. गीतेवर बोलणं व्हायचं, लढाईवर व्हायचं, खेड्यातलं अज्ञान कसं दूर करावं यावर तर फारच कळवळून व्हायचं. आणि उठता उठता खणाचा भाव ठरायचा. कोणा एकानं कमी घेऊ नये, म्हणून सगळे मिळून ठरवायचे. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. त्याला लोक नावं ठेवतात, पण त्या रुमालाखाली निदान घेणाऱ्याचाही एक हात असतो.

तो भाव असा होता. एक खण, एका विद्यार्थ्याला, महिना दीड रुपया. दोन खण, दोघांना मिळून, तीन रुपये. तीन खण फक्त कुटुंबाला. कुटुंब म्हटलं की खणामागे चार आणे जास्त, कारण बायका विहिरीचं पाणी फार उपसतात. पुढे मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि तिकडची माणसं बोचकी घेऊन इकडे येऊ लागली. कठड्यावरची मंडळी त्यांच्यासाठी हळहळली, आणि त्याच आठवड्यात दिडाचे दोन रुपये झाले.

मला तीन खण हवे होते.

माझी धाकटी बहीण गावच्या शाळेत चौथी पास झाली होती. पुढं गावात शाळा नाही. आबा म्हणजे आमचे वडील पलटणीत आहेत. त्यांच्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेला आहे. त्या पेटीवरची इंग्रजी अक्षरं हिनं आपली आपण जुळवून वाचली, आणि मग घरातल्या प्रत्येक डब्यावरची वाचत सुटली. तिला सांगलीच्या शाळेत घालावं असं मी भीत भीत आबांना सुचवलं, ते रजेवर आले होते तेव्हा. मी तसा कोणतीही गोष्ट भीतच सुचवतो.

तात्या म्हणजे माझे चुलते, आबांच्या पाठचे. शेत तेच बघतात. ते लगेच म्हणाले, "पोरगी शिकून काय मामलेदार हुनार व्हय? पावण्यांच्या कानावर घातलंय मी. दोन वर्सांनी लगीन उरकून टाकू."

आबांनी बिडी विझवली. मग म्हणाले, "ह्यो तितं हायच. पोरीसंगं हिची आई जाईल. पर जागा तीन खणी पायजे. एकात चूल, एकात बायामानसं, एकात ह्यो. तीन खण मिळालं तर पोरगी शाळंत जाईल. न्हाई मिळालं तर तात्या म्हंतोय तसं."

"मंजूर," तात्या म्हणाले.

रजा संपवून आबा परत लढाईवर गेले. घरचा माणूस लढाईवर असला की त्याच्या शेवटच्या शब्दाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. तो वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही. धाकटीचं सगळं त्या तीन खणांवर येऊन ठेपलं होतं.

एप्रिलात परीक्षा संपल्यावर मी वसाहतीतल्या एका बंगल्यावर गेलो. मालक कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी मला व्हरांड्यात बसू दिलं. बाकावर, स्वतःच्या आरामखुर्चीपासून लांब.

"तीन खणी जागा आहे," ते म्हणाले. "एक कारकून राहतो. कुटुंबाला घेऊन गावी गेलाय. जूनमध्ये सोडेल."

"बघता येईल का?"

"कुलूप आहे, बाळ. दुसऱ्याच्या कुलपाला आपण हात लावू नये."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की विचारल्याबद्दल माझीच मला लाज वाटली. मग त्यांनी घरी कोण कोण, जमीन किती, वडील काय करतात असं सगळं विचारून घेतलं. पलटण म्हटल्यावर त्यांनी नाक किंचित वर केलं.

"आवारात सामिष चालणार नाही. मोठ्यानं बोलणं चालणार नाही. तुम्हा लोकांना शेतात हाका मारायची सवय असते, म्हणून सांगतो."

मी बरं म्हणालो. आणि वर पाहिलं. त्या व्हरांड्याला सागवानी तुळया होत्या, तेलपाणी केलेल्या, ऐसपैस अंतरावर. मी मनातल्या मनात तीन खण मोजले. पहिल्यात आईची चूल मांडली. दुसऱ्यात आई आणि धाकटी. तिसऱ्यात मी, माझी पुस्तकं, आणि खिडकी असलीच तर खिडकी. आमच्या गावी ज्याच्या सोप्याला जसा खण, तसाच त्याच्या गोठ्यालाही असतो. मालकाच्या डोक्यावर एक खण आणि भाडेकऱ्याच्या डोक्यावर दुसरा, हे मला सुचणार कुठून? महिन्याचे पावणेसात रुपये आगाऊ देऊन मी गावी गेलो आणि तात्यांना सांगितलं, "तीन खण मिळाले."

जूनच्या सुरुवातीला मी एक दिवस आधी आलो. आई, धाकटी आणि सामान घेऊन तात्या दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं यायचे होते.

रावसाहेबांनी किल्ली दिली. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा मला वाटलं की ही न्हाणीघराची बाजू असेल, खोली पुढं असेल. पुढं भिंत होती. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गावाकडचे दीड खण भरले असते. पण वर दोन तुळया होत्या. दोन तुळया आणि दोन भिंती, म्हणजे तीन खण. त्यातली एक तुळई खरोखर पत्र्याखाली होती. दुसरी होती एक फळी. तिच्यात आणि पत्र्यात टीचभर अंतर होतं, आणि त्या फटीतून कोळिष्टकं लोंबत होती. ती काहीच पेलत नव्हती. ती फक्त तिसऱ्या खणाचे सव्वादोन रुपये पेलत होती.

मी परत व्हरांड्यात गेलो. "रावसाहेब, हे तीन खण आहेत?"

"मोजलेस ना?"

"मोजले. पण लहान आहेत."

"असं पाहा," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी घातली. "खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. व्याख्या हीच ना? मग ती जागा केवढी असावी, हे व्याख्येत कुठं आहे? कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात की नाही तुम्हाला?"

मला उत्तरं नेहमी उशिरा सुचतात, आणि सुचली तरी ती मोठ्या माणसाला तोंडावर द्यावीत की नाही यात आणखी वेळ जातो. पण त्या दिवशी मला एक गोष्ट स्वच्छ कळली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला थोडं तरी भय लागतं, पकडले जाण्याचं. यांना तेही नव्हतं. यांनी भिंत बांधून झाल्यावर सुताराला बोलावलं असेल, समोर उभं राहून ती फळी ठोकून घेतली असेल, आणि मग हात धुऊन पूजेला बसले असतील.

आगाऊ दिलेले पैसे परत मिळतील का, हे विचारायचं धैर्य मी गोळा केलं. "घेतलेली वस्तू परत करायची असली की दुकानदार काय म्हणतो?" असं त्यांनी मलाच विचारलं.

मी वसाहत पालथी घातली. शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी माझं आडनाव ऐकल्यावर जागा आजच गेल्याचं सांगितलं, आणि त्यांच्या मागच्या खोलीचं उघडं दार मला फाटकातून दिसत होतं. पलीकडे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं, खेड्यातली मुलं शिकली पाहिजेत म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी खोली दाखवली. तिथंही तुळया एकमेकींना खेटून, गाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या. त्यांनी चार खण केले होते. माझ्या मनात आलं की या माणसांनी आयुष्यभर कचेऱ्यांत आणि शाळांत काम केलं, हजारो माणसांना नियम शिकवले, आणि आता म्हातारपणी यांच्या विद्येचा उपयोग काय, तर फळ्या ठोकणं. मोरीच्या कठड्यावर बसून खेड्याच्या उद्धाराचे बेत करणारी हीच माणसं! त्यांच्यापुढून जाताना मी इतके दिवस वहाणा हातात घेऊन चालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गाडी आली. तात्या पुढं, मागं आई, आणि सामानावर धाकटी. चूल, परात, जातं, दोन पोती जोंधळा, एक पोतं गूळ आणि डाळी, वाकळा, आणि आबांची ती लोखंडी पेटी. येरळेच्या वाळूत चाकं रुतल्यामुळे तात्या आधीच तापले होते. दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं.

"जागा कुटं हाय रं?"

"हीच, तात्या."

"ही? ह्येच्यात शेरडू वळलं तर शिंग भितीला घासंल. आन् तू काय सांगितलंस? तीन खण?"

आई पदर सावरून आत गेली, चूल कुठं बसेल ते पाहू लागली, आणि मधेच थांबली. चूल पेटली असती तर तिघांनाही बाहेर बसावं लागलं असतं, हे तिला दिसलं असावं.

आवाज ऐकून रावसाहेब काठी टेकत मागं आले. तात्यांनी रामराम केला. मग वर बोट केलं.

"आवं सायेब, ही फळी कशाला ठोकलीया? पत्रा तर टेकतच न्हाई तिला. पाखरू बसाया व्हय?"

"आधाराला आहे ती," रावसाहेब म्हणाले.

"कुनाच्या? तुमच्या?"

गाडीवरून धाकटी खुदकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात धरला. रावसाहेबांचे कान लाल झाले. पण ते आवाज न चढवता म्हणाले, "परवडत नसेल तर सक्ती नाही. मागणारे पुष्कळ आहेत."

"वयनी, बसा गाडीत," तात्या म्हणाले. "उजेड हाय तवर येरळं वलांडू. दादानं तीन खण म्हनलं हुतं. तीन न्हाईत. मिटलं."

आई बाहेर आली. धाकटी मात्र गाडीवरून उतरली, आबांची पेटी ओढत ओढत आत घेऊन गेली, पार शेवटच्या भिंतीशी, आणि तिच्यावर बसली. बसलं की जागा आपली होते असं तिला वाटलं असेल. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पेटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

तेव्हा मी बोललो.

"तात्या, मोजा."

"काय मोजू?"

"तुळया. आबांनी तीन खण म्हटले होते. खण केवढा, हे ते बोलले नव्हते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. मोजा, तीन आहेत."

आवाज माझा होता आणि शब्द रावसाहेबांचे. ते माझ्या पाठीमागे उभे होते. मी वळून पाहिलं तर ते मान डोलवत होते, मास्तर हुशार पोराकडे बघून डोलवतात तशी. मला त्या खोलीची शिसारी आली होती, पण त्या मान डोलावण्याची जेवढी आली तेवढी नाही. आपला शिष्य मिळाला असं त्यांना वाटलं होतं. वाटू दे, असं मी मनाशी म्हणालो. धाकटी पेटीवर बसलेली होती.

तात्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "एका वर्सात लय शिकलास रं गड्या."

मी खाली पाहिलं नाही. मला ते जमलं याचं आजही नवल वाटतं.

मग तात्या चाबकाची काठी घेऊन आत आले. त्यांनी पहिल्या भिंतीला काठी लावली, मग तुळईला. "येक." मग फळीला. ती खडखडली आणि वरून माती पडली. "दोन." मग पलीकडच्या भिंतीला, धाकटीच्या डोक्यावर. "तीन."

तात्यांनी काठी खाली घेतली.

"दादाचा सबूद तीनाचा," ते म्हणाले. "तीन हायत. उतरा सामान."

त्यांना ते पटलं नव्हतं. चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. त्यांना पाहुण्यांपुढे मान खाली घालावी लागणार होती. पण फळी खोटी आहे म्हणून शब्द मोडायची वाट त्यांना मोकळी असताना ते त्या वाटेनं गेले नाहीत, कारण शब्द थोरल्या भावाचा होता आणि तो लढाईवर होता. त्या दिवशी त्या आवारात शब्दाला जागणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या बहिणीच्या शाळेच्या विरुद्ध होता.

सामान उतरलं. चूल, परात, वाकळा, जातं आत गेलं तेवढ्यात खोली भरली. पोती राहिली. तात्यांनी एक पोतं पाठीवर घेतलं आणि सरळ बंगल्याला वळसा घालून पुढच्या व्हरांड्यात नेऊन टाकलं. रावसाहेब काठी टेकत मागोमाग.

"अहो, अहो! हे काय? माझ्या व्हरांड्यात?"

"आवं, तीन खणाचं सामान आनलंय. खण तीन हायत न्हवं? तुमी आत बसवून दावा, मी मुकाट आत ठेवतो."

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ते तर्कशास्त्राची वाट बघत होते. मी दुसरं पोतं उचललं.

तात्या चहा न घेता गेले. जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिक. पर ह्येच्याकडनं नगं," आणि माझ्याकडे हनुवटी केली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत आई हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आम्ही अजून त्याच खोलीत आहोत. पाऊस नसला की मी बाहेर अंगणात झोपतो. धाकटी इंग्रजी तिसरीत गेली. पोती तेव्हापासून व्हरांड्यातच असतात, रिकामी झाली की गावाहून नवी येतात, आणि शाळा सुटल्यावर ती त्या पोत्यांवर बसून अभ्यास करते. तिथं उजेड चांगला येतो. तिला तिथं बघून येणारे-जाणारे विचारतात आणि रावसाहेब सांगतात, "खेड्यातली मुलगी आहे. हुशार वाटली, म्हणून आसरा दिला. आपण नाही तर कोण करणार यांच्यासाठी?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मोरीच्या कठड्यावर तर त्यांना यासाठी फार मान मिळतो, असं कळतं.

पहिल्याच वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. पोती ठेवतो त्या जागेचं भाडं द्यावं लागेल म्हणाले. एक खण, कुटुंबाच्या दरानं. मी वाद घातला नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दे. पोरगी तितं बसून वाचती न्हवं?"

सव्वादोन रुपये द्यायला मी व्हरांड्यात गेलो. रावसाहेब पैसे मोजून घेत होते तेवढ्यात मी वर पाहिलं. सागाच्या दोन तुळया, आणि त्यांच्या मध्ये बाज टाकून बाजूनं घागर घेऊन जाता येईल एवढी जागा. खाली पोत्यावर धाकटी पाय हलवत काहीतरी पाठ करत होती. साऱ्या वसाहतीत आम्हाला भाड्यानं मिळालेला तो एकच खरा खण.